शुभेच्छुकांच्या ओळीत

११ सप्टेंबर, गुरुवार

आज कंपनीला आठवड्याची सुट्टी. सकाळी दूध आणायला खाली उतरलो आणि सोसायटीच्या गेटवर मला मीच दिसलो.

उद्या रणजीतचा वाढदिवस आहे. आमच्या मोशीतल्या जुन्या घराण्यातला, यशवंतरावांचा धाकटा मुलगा. यंदा नगरसेवक व्हायचं म्हणतोय. फ्लेक्सवर मध्ये तो, गॉगल लावलेला. वर ‘आपला माणूस, हक्काचा मित्र’. खाली शुभेच्छुकांची ओळ आणि तीत डावीकडून तिसरा मी, ‘निरंजन सर’. फोटो पंधरा ऑगस्टच्या झेंडावंदनातून कापून घेतलाय. मी तेव्हा झेंड्याकडे पाहत होतो. आता रणजीतच्या तोंडाकडे भक्तिभावाने पाहतोय असं दिसतं.

मला कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या इमारतीच्या मागे यशवंतरावांनी बिल्डरला न विकलेला तुकडा आहे. त्यावर भंगाराचं गोदाम. संध्याकाळी तिथे जुन्या वायरी जाळून तांबं काढतात. अपेक्षाला दमा आहे. दहावीचं वर्ष, आणि पोर खिडक्या लावून, पंप हाताशी ठेवून अभ्यास करते. मागच्या महिन्यात मी सगळ्यांच्या सह्या घेऊन पालिकेत तक्रार दिली. गेल्या आठवड्यात रणजीत स्वतः घरी आला, चहा घेतला, ‘तुमचं काम ते माझं काम’ म्हणाला, पाठीवर हात टाकला. मला वाटलं, झालं काम.

गेटवर उद्धवराव भेटले. तळमजल्यावर राहतात, एसटीतून निवृत्त झालेत. तक्रारीवर पहिली सही त्यांची.

“वा सर! बसलात गाडीत? आम्हाला हाक तरी मारायची.”

मी म्हटलं, मला यातलं काही माहीतच नाही.

“असू द्या हो. मी काय कुणाला सांगतोय?”

म्हणजे दुपारपर्यंत सगळ्यांना कळणार.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शिफ्ट सुटल्यावर थेट रणजीतच्या ऑफिसात गेलो. बाहेर बुलेटच्या सीटवर केक मांडून ठेवलेले. आत गर्दी. त्याने मला पाहिलं आणि खुर्चीतून उठून मिठी मारली. माझ्या शर्टाला त्याच्या गळ्यातल्या हारांचं पाणी लागलं.

म्हटलं, “रणजीतभाऊ, तो फोटो काढा. मला न विचारता लावलाय.”

“आपल्याच माणसाला इचारायचं असतं व्हय सर?” सगळे हसले. “मित्र म्हणलं म्हंजी मित्र. मी काय परक्याचा फोटो लावतो का?”

“आणि गोदामाचं?”

“वाढदिवसाला कुणी भांडतं का? पोरीला घिऊन या. माझ्या वळखीचे डॉक्टर हायेत, आत्ता फोन लावतो. आपलीच पोर हाय ती.”

त्याने खरंच फोन लावला. सगळ्यांसमोर, स्पीकरवर. डॉक्टर म्हणाले, “भाऊ, तुमचा शब्द.” मी त्या खोलीत उभा होतो आणि मला थँक्यू म्हणावं लागलं.

शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवीला उत्तर देता येतं.

१५ सप्टेंबर, सोमवार

अर्धा दिवस रजा टाकून पालिकेच्या कार्यालयात गेलो. साहेब चांगल्या स्वभावाचे वाटले. फाईल उघडली, मोबाईल काढला, मला माझाच फोटो दाखवला.

“हे तुम्हीच ना? मग आमच्याकडे कशाला आणता हे? दोघं मित्र आहात, बसून मिटवून टाका.”

खाली पार्किंगमध्ये येऊन गाडी काढली. आता कळलं तो फोटो कशासाठी होता. तक्रारदाराची तक्रार खोडायची नाही, त्याला मित्र करून टाकायचं. मित्राच्या तक्रारीला कोण किंमत देतं?

घरी रुपालीला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती. “तुम्ही त्याला चहा द्यायलाच नको होता,” एवढंच म्हणाली.

रात्री अपेक्षा खोकत दोनदा उठली.

१८ सप्टेंबर, गुरुवार

शेजारच्या चिखलीला नवनाथकडे गेलो. त्याचं फ्लेक्स छपाईचं दुकान आहे आणि दुकानाच्या मागे घर. घरात बायको सुमनताई आणि आई छबूबाई. नवनाथ परभणीचा. आम्ही दोघं नोकरी शोधत आलो तेव्हा संत तुकाराम नगरात एका खोलीत राहायचो. ‘मित्र’ हा शब्द आम्ही एकमेकांसाठी कधी वापरल्याचं आठवत नाही. माझ्या अपेंडिक्सच्या ऑपरेशनच्या वेळी तो दवाखान्यात जमिनीवर झोपला होता आणि सकाळी उठून “तू लई घोरतोस” म्हणाला होता.

विचारलं, “वाढदिवसाचा फ्लेक्स तू छापलास?”

“हाव. भाऊचं सगळं काम माझ्याकडंच हाय. फाईल तयार येती, मी मशीनला लावतो. तुझं तोंड बघून खूश झालो, म्हणलं गड्याचं काम झालं.”

“एक फोन करायचास.”

“कामून? तुझाच फोटो, तुलाच इचारू का लावू का म्हणून?”

त्याची चूक नाही, हे मला कळतं. तरी घरी येईपर्यंत मनात थोडी अढी राहिली. ती इथे नोंदवतो, म्हणजे उद्या मी ती नाकारणार नाही.

येताना गाडी मुद्दाम हळू चालवली आणि रस्त्यावरचे फ्लेक्स वाचले. भाऊ, दादा, आपला माणूस, घरचा माणूस, मित्र परिवार, मित्र परिवार, मित्र परिवार. एवढे मित्र असलेल्या शहरात माझ्या मुलीला श्वास घेता येत नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

मला सुचलंय. दोन दिवस मी स्वतःशीच हसतोय, रुपाली विचारते काय झालं.

त्याने मला मित्र केलं ना? मग मी मित्रासारखंच वागणार. मी त्याचे जाहीर आभार मानणार.

मजकूर असा: ‘आमचे जिवलग मित्र रणजीतभाऊ यांनी सोसायटीमागील भंगार गोदाम दसऱ्यापर्यंत हलवण्याचा शब्द दिल्याबद्दल जाहीर आभार. बोलतो ते करतो, तोच आपला माणूस. रणजीतभाऊ मित्र परिवार.’

हे खोटं आहे का? यावर मी प्रामाणिकपणे विचार केला. ‘तुमचं काम ते माझं काम’ हे तो बोलला होता. दसरा तेवढा माझा. निवडणूक तोंडावर असताना हा शब्द त्याला नाकारता येणार नाही. नाकारला तर विरोधक त्याच फ्लेक्सचा फोटो घरोघर पाठवतील.

हा न्याय आहे की सूड? सूड आहे. लिहून टाकलं. आणि बरं वाटतंय, तेही लिहून टाकतो. त्याला त्याच्याच मिठीत गुदमरताना पाहायचंय मला.

फाईल मीच घरच्या लॅपटॉपवर केली. शुभेच्छुकांच्या ओळीत मी, उद्धवराव (विचारलं, लाजत हो म्हणाले) आणि सोसायटीतले आणखी दोघे. ओळ एका बाजूला रिकामी दिसत होती, आणि चिखलीतलं एखादं नाव असलं तर हे फक्त आमच्या इमारतीचं प्रकरण वाटणार नाही. नवनाथचा एक चांगला फोटो होता माझ्याकडे, अपेक्षाच्या वाढदिवसाचा. तो लावला. ओळ नीट दिसू लागली.

फाईल त्याला व्हॉट्सॲपवर पाठवली. त्याचा फोन आला. “भाऊच्या नावानं हाय का? मग लावतो मशीनला.” त्याने उघडून पाहिलं नसावं. त्याला माझा हेतू सांगितला नाही. सांगितला असता तर उगाच घाबरला असता.

२५ सप्टेंबर, गुरुवार

फ्लेक्स चौकात लागला. गेटवर एक, बसथांब्याजवळ एक.

दहा वाजता रणजीतचा फोन. “सर, काय फ्लेक्स लावलाय राव! सकाळपास्नं लोकं फोन करत्यात, अभिनंदन म्हणत्यात.” आवाजात साखर होती, पण दोन वाक्यांच्या मध्ये तो श्वास घेत होता. “एक डाव इचारायचं तरी.”

मी म्हटलं, “आपल्याच माणसाला काय विचारायचं, भाऊ?”

हे वाक्य मी दोन आठवडे चावत होतो. बोललो आणि तोंडाला चव आली.

संध्याकाळी त्याचा व्हिडिओ फिरू लागला. फ्लेक्ससमोर उभा राहून, हात जोडून, ‘मित्रांसाठी कायपन.’ तो व्हिडिओ मी कितीतरी वेळा पाहिला. शेवटी त्याचं हसू एका बाजूने उतरतं, तिथे थांबवून पाहिला. रुपाली म्हणाली, “जेवा आता.”

नवनाथचा एक मेसेज आहे. ‘माझा फोटो कामून टाकला?’ मी अंगठा आणि हसरा चेहरा पाठवला.

२ ऑक्टोबर, दसरा

गोदाम गेलं!

सकाळपासून ट्रक भरत होते. पत्रे, बॅटऱ्या, वायरींची भेंडोळी. सोसायटीतले लोक गच्चीवरून पाहत होते. उद्धवरावांनी मला सगळ्यांदेखत पेढा भरवला. “सर, तुम्ही मुरलेले निघालात. आम्हाला वाटलं विकले गेलात.”

मी हसलो. ते तसं समजत होते हे मला माहीत होतं, पण त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

रणजीत सोनं द्यायला आला. मिठी मारली. “पाळला का न्हाई शब्द? आता सोसायटीनं आमचा सत्कार करायचा. बारा तारखेला, रविवारी. शाल तुमच्या हातनं.”

संध्याकाळी अपेक्षाने खिडकी उघडली आणि उघडीच ठेवली. तिथेच बसून गणितं सोडवली. मी दारात उभा राहून पाहत होतो. ती म्हणाली, “बाबा, काय?” मी म्हटलं, काही नाही.

५ ऑक्टोबर, रविवार

गोदाम चिखलीला गेलंय. नवनाथच्या घरामागच्या प्लॉटवर.

सुमनताईंचा फोन आला. नवनाथचा नाही. “भाऊजी, आत्याबाईंना दवाखान्यात आणलंय. ऑक्सिजन लावलाय. मागं वायरी जाळायलेत, सगळा धूर घरात. हे पालिकेत तक्रार करायला गेलते, तर ते म्हणले तुमचाच फोटो हाय आभाराच्या बोर्डावर.” मग म्हणाल्या, “तुम्ही लावला म्हणे.”

मी रणजीतकडे गेलो. तो जेवत होता. मला ताट वाढायला सांगितलं.

“चिखलीलाच का?” मी विचारलं.

“कुठंतरी न्यायचंच व्हतं की सर. तिथं एक पावण्याचा प्लॉट व्हता. म्हणलं शेजारी कोण हाय बघा, उगं कटकट नको. तर पोरं म्हणली, नवनाथ, फ्लेक्सवाला. मी म्हणलं, मग काय, आपल्या मित्र परिवारातला माणूस, फोटो हाय की त्याचा. तो न्हाई तक्रार करायचा.” त्याने भाकरी मोडली. “तुमीच तर सुचवला म्हणा की.”

मी त्या ताटासमोर बसलो नाही, एवढं केलं.

दवाखान्यात गेलो. नवनाथ बाकावर बसला होता. माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा मोबाईलकडे पाहू लागला. मोबाईल बंद होता.

९ ऑक्टोबर, गुरुवार

छबूबाई घरी आल्यात, पण त्यांना आतल्या खोलीत ठेवलंय. नवनाथ माझा फोन उचलत नाही.

हे सगळं रणजीतने केलं. मी पुन्हा पुन्हा तपासलं. गोदाम त्याचं, प्लॉट त्याच्या पाहुण्याचा, निवड त्याची. मी एक फोटो लावला. हेतू वाईट नव्हता. विचारायला हवं होतं, हे मान्य. पण रणजीतने हलकटपणा केला नसता तर त्या फोटोने कुणाचं काय बिघडणार होतं?

आता त्याला सोडणार नाही. रविवारी सत्काराला सगळी सोसायटी असेल, त्याची माणसं असतील, मोबाईलवर चित्रीकरण असेल आणि माईक माझ्या हातात असेल. मी सांगणार आहे की गोदाम हललं नाही, दुसऱ्याच्या आईच्या छातीवर नेऊन ठेवलंय. मी याचा मित्र नाही, कधी नव्हतो, हेही सांगणार. भाषण लिहून काढलं, पाठ केलं. आरशासमोर म्हणताना आवाज चढला.

रुपालीने ऐकलं. “आणि परत इथं आणलं तर?”

“नाही आणणार. लोक काय म्हणतील?”

“मी लोकांचं विचारत नाही,” ती म्हणाली. “अपेक्षाला विचारून मग बोला.”

अपेक्षाला विचारलं नाही. दहावीच्या मुलीवर असलं ओझं टाकणं बरोबर नाही.

१२ ऑक्टोबर, रविवार

सोसायटीच्या हॉलमध्ये खुर्च्या पुरल्या नाहीत. पहिल्या रांगेत रुपाली आणि अपेक्षा. अपेक्षाने नवा ड्रेस घातला होता.

मी रणजीतच्या खांद्यावर शाल घातली. तो नारळ घ्यायला वाकला, तोंड कॅमेऱ्याकडे आणि हसतमुख, आणि मला ऐकू येईल एवढंच बोलला.

“गोदामाची शेड अजून मोडली न्हाई बरं का सर. रिकामीच हाय.”

मग माईक माझ्या हातात आला.

मी जे बोललो ते इथे जसंच्या तसं लिहायचं ठरवलंय, कारण ही वही माझ्याशिवाय कुणी वाचत नाही. मी म्हणालो, “माझे मित्र रणजीतभाऊ.” मग थांबलो. भाषण सगळं पाठ होतं, पहिलं वाक्य जिभेवर होतं. अपेक्षाकडे पाहिलं. ती टाळी वाजवायला हात उचलून बसली होती. मी म्हणालो, “माझे मित्र रणजीतभाऊ यांच्याबद्दल मी काय बोलावं? मैत्री काय असते ते त्यांनी दाखवून दिलं.”

टाळ्या पडल्या. उद्धवरावांनी शिट्टी वाजवली, या वयात.

घरी येताना मी स्वतःला समजावलं की ते वाक्य दोन्ही अर्थांनी घेता येतं, समजणाऱ्याला टोमणा समजला असेल. कुणालाही समजला नाही. रणजीतलासुद्धा नाही, किंवा त्याला समजूनही फरक पडला नाही.

१६ ऑक्टोबर, गुरुवार

आज नवनाथ आला. एकटाच. मी इतका खूश झालो की दारातच त्याचा हात धरला. तो म्हणाला, “निरंजन सर, आत येऊ का?”

म्हटलं, सर काय रे?

“सगळे म्हणतेत. व्हिडिओ बघितला म्या. चांगलं बोललात.”

रुपालीने चहा ठेवला आणि आत गेली. मी आईची चौकशी केली. म्हणाला, रात्री बसून काढते, आडवं झालं की दम लागतो. मी माफी मागितली. खरंच मागितली, शब्द जुळवून नाही. तो चहाकडे बघत होता.

“त्याचं जाऊ दे,” तो म्हणाला. “मी कामाला आलोय. तुमचा शब्द चालतो तिकडं. आमच्या इथून पण हलवा की ते.”

“मी बोलतो. पण तो म्हणेल कुठे नेऊ.”

“जागा म्या बघून ठेवलीय. आमच्या गल्लीच्या पार टोकाला, भिमाजीच्या वर्कशॉपच्या मागं. मोकळं रान हाय. भिमाजी एकटा माणूस, गावाकडून आलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्याला घ्या मित्र परिवारात. फ्लेक्स मी छापतो, फुकट.”

मी विचार केला. छबूबाई डोळ्यासमोर आल्या. नवनाथच्या तोंडी पुन्हा ‘तू’ येईल असं वाटलं. रणजीतला पुन्हा एकदा नाचवता येईल हेही वाटलं, खोटं कशाला लिहू. भिमाजीला मी ओळखत नाही. मोकळं रान आहे म्हणाला, धूर वर जाईल.

विचारलं, “फोटो आहे का त्याचा तुझ्याकडे?”

नवनाथने पहिल्यांदा वर पाहिलं.

“आमच्या गल्लीत भिमाजी नावाचं कुणी न्हाई,” तो म्हणाला. “मला बघायचं हुतं तू काय म्हणतोस ते.”

तो उठला, चप्पल घातली आणि जिना उतरून गेला. चहा तसाच राहिला. मी गॅलरीत गेलो, त्याने गाडी चालू करताना वर पाहिलं नाही.

हे अन्यायाचं झालं. मी फक्त फोटो आहे का एवढंच विचारलं होतं. लावणार होतो असं कुठे म्हणालो? आणि लावला असता तरी आधी त्या माणसाला विचारलं असतं. मला वाटतं, विचारलं असतं. इतक्या वर्षांच्या माणसाने माझी अशी परीक्षा घ्यायला नको होती. पण नवनाथवर मी राग धरणार नाही. तो मी रणजीतसाठी राखून ठेवलाय. त्याने माझा मित्र तोडला, याची भरपाई मी करून घेईन, आणि कशी ते हळूहळू सुचतंय.

रुपालीने कप उचलताना विचारलं, “कोण भिमाजी?”

मी म्हटलं, कुणी नाही.